सांबारवडी

थंडीच्या दिवसांत यवतमाळच्या भाजीबाजारात गेलात, तर सांबाराच्या जुड्यांचे हिरवेगार ढीग लागलेले दिसतात. येथे एक खुलासा केलेला बरा. आम्हा वैदर्भीयांच्या बोलीत कोथिंबिरीला सांबार म्हणतात. पुण्यामुंबईकडचा पाहुणा सांबारवडीचे नाव ऐकतो आणि इडलीबरोबरच्या आमटीत बुडवलेली एखादी वडी पानात पडेल, अशा समजुतीने वाटी पुढे करतो. त्याची ती फजिती पाहण्यात आम्हांला फार मौज वाटते. मग कोणी तरी त्याच्या पानात खमंग, कुरकुरीत, बोटभर लांबीची वडी वाढते, आणि तो पहिला घास घेतल्यावर नावाविषयी पुन्हा काही विचारीत नाही.

गेल्या पौषात माझ्या नातीचा बारावा वाढदिवस होता. तिने दहा मैत्रिणींना फराळाला बोलावले होते. आदल्या दिवशी ती माझ्या खोलीत आली ती चेहरा उतरवूनच. तिच्या वर्गात नव्याने आलेल्या एका मुलीच्या घरी प्राण्यांपासून मिळणारा कोणताच पदार्थ खात नाहीत. मांस, अंडी तर नाहीतच, पण दूध, दही, तूप आणि मधही नाही. अशा आहाराला व्हीगन आहार म्हणतात. 1944 साली इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन आणि त्यांचे काही सहकारी यांनी या विचाराची एक संस्था काढली, तेव्हा हा शब्द रूढ झाला. माझ्या सुनेने मनाशी योजलेल्या फराळातला एकेक पदार्थ गळू लागला. केक गेला, पनीर गेले, तुपातला शिरा गेला. "आबा, तिने काय आमच्याकडे नुसते बघत बसायचे?" नात म्हणाली.

मला हसू आले. म्हटले, "अगं, सांबारवडी कर. तिच्यात दुधातुपाचा थेंबही नसतो. आणि ती वेगळी वाढायलाही नको, सगळ्यांनाच एक पदार्थ."

भाजी किंवा सारण पिठाच्या पारीत गुंडाळून तळावे, ही कल्पना पुष्कळ देशांत सुचलेली दिसते. चीनमध्ये वसंताच्या आगमनाला भाज्या भरलेल्या गुंडाळ्या खाण्याची रीत जुनी आहे. चौदाव्या शतकात दिल्लीला आलेल्या इब्न बतूता या प्रवाशाने मुहम्मद तुघलकाच्या दरबारातील मेजवानीचे वर्णन केले आहे. त्यात खिमा, बदाम, पिस्ते भरून तुपात तळलेला समोसा आहे. आमची वडी त्या मानाने गरीब घरची. तिचे सगळे वैभव चार पैशांच्या सांबारात.

तिची कृती मात्र सोपी नाही. बेसनात थोडा मैदा, तिखट, हळद, ओवा व मीठ घालून त्यावर कडकडीत तेलाचे मोहन ओतायचे आणि पीठ घट्ट मळायचे. सारणासाठी सांबार बारीक चिरून घ्यायचा. किसलेले सुके खोबरे, खसखस, तीळ वेगवेगळे भाजून त्यात मिसळायचे. कोणी दाण्याचा कूटही घालतात. मग पारी लाटून तिच्यावर चिंचगुळाचे पाणी आणि गरम मसाला यांचे बोट फिरवायचे, मधोमध सारण दाबून भरायचे, दोन्ही बाजू एकीवर एक दुमडून टोके पाण्याच्या बोटाने मिटवायची. पाकीट बंद करावे तसेच हे काम. म्हणूनच हिला पुडाची वडी असेही नाव आहे.

या सगळ्यात नाजूक काम पहिलेच. सांबार निवडून, धुऊन, तो अगदी कोरडा करायचा. पाणी शंभर अंशांवर उकळते, आणि तळणीचे तेल त्याहून कितीतरी अधिक तापलेले असते. पानांना चिकटलेल्या पाण्याची पारीच्या आत तत्काळ वाफ होते. तिला बाहेर पडायला वाट नसते. मग ती वाट फोडते. खोबरे आणि खसखस थोडा ओलावा शोषून घेतात, पण त्यांनाही मर्यादा आहे. हे मला पुस्तकाने शिकवलेले नाही.

1970 सालचा मार्गशीर्ष. आम्ही तेव्हा दारव्ह्याला राहत होतो आणि मी अकरा वर्षांचा होतो. ताईचे लग्न ठरले होते व तिचे केळवण आमच्या घरी होते. वीस पाने मांडायची होती. आईने चाळीस सांबारवड्या करायचे ठरवले होते. सकाळीच तिने धुतलेला सांबार माझ्यापुढे ठेवला, जुने स्वच्छ धोतर दिले आणि म्हणाली, "एकेक काडी पुसून सावलीत पसर. ओला राहू देऊ नकोस."

पण त्याच दुपारी कारंज्याहून मामा येणार होता, आणि तो येणार होता आगगाडीने. मूर्तिजापूरहून कारंजा, दारव्हा करीत यवतमाळला जाणारी ती अरुंद रुळांची गाडी. लोक तिला लाडाने शकुंतला म्हणत. आज तिचे रूळ मुके पडले आहेत, पण तेव्हा तिचे वाफेचे इंजिन आम्हां मुलांचे दैवत होते. ते पाणी पिई, सुस्कारे टाकी, शिट्टी देई. मी दोन जुड्या कशाबशा पुसल्या, उरलेल्यांवर धोतर नुसते दाबले आणि स्टेशनाकडे धूम ठोकली. गाडीच्या आधी तासभर पोहोचलो, आणि गाडी गेल्यावरही इंजिनाचा धूर दिसेनासा होईपर्यंत मामाला उभे करून ठेवले.

परत आलो तेव्हा आई सांबार चिरायला बसली होती. तिने मूठभर पाने उचलली, क्षणभर हातात धरली, आणि माझ्याकडे पाहून विचारले, "पुसला होतास ना रे सगळा?"

"हो," मी म्हणालो.

तिने काही न बोलता चिरायला घेतले.

पहिला घाणा चांगला उतरला. दुसऱ्या घाण्यात एक वडी फट्‍दिशी फुटली. मग दुसरी, तिसरी. काळपट झालेली पाने तेलात पसरली, आणि पुढच्या स्फोटाबरोबर तेलाचा शिंतोडा आईच्या मनगटावर उडाला. तिने हात मागे घेतला, हंड्यातले गार पाणी त्यावर ओतले, आणि झारा डाव्या हातात घेऊन उरलेल्या वड्या तळल्या. एकूण अकरा वड्या फुटल्या होत्या. शेजारच्या काकू म्हणाल्या, "असे कसे झाले हो? तुमची वडी कधी फुटत नाही." आई म्हणाली, "आज माझाच हात बिघडला."

मी दाराआड उभा होतो. एक पाऊल पुढे टाकून खरे सांगावे, एवढेच करायचे होते. ते माझ्याने झाले नाही. पाहुण्यांच्या पानात धड वड्या पडल्या आणि फुटलेल्या आईने रात्री स्वतःच्या ताटात घेतल्या. मनगटावरचा रुपयाएवढा फोड पुढे बरा झाला, पण त्याचा फिकट डाग राहिला. ती मला जेवायला वाढी तेव्हा तो डाग नेमका माझ्या डोळ्यांसमोर येई.

मुख्याध्यापक झालो त्या वर्षी, चाळिशी उलटलेला मी तिच्याजवळ बसलो आणि ती गोष्ट एकदाची सांगून टाकली. आई मोठ्याने हसली. "अरे, ओला सांबार हाताला कळत नाही होय? मी सारणात मूठभर भाजलेले बेसन जास्त घातले होते. नाही तर चाळीसच्या चाळीस फुटल्या असत्या."

"मग मला विचारलेस कशाला?"

यावर ती काही बोलली नाही. सुपारी कातरीत राहिली.

तर नातीच्या वाढदिवसाला सांबार पुसण्याचे काम साहजिकच तिच्याकडे आले. आईने दिले होते तसेच धोतर मी तिला दिले. तासाभराने मी स्वयंपाकघरात गेलो तेव्हा पाने पसरलेली होती आणि मुलगी अंगणात मैत्रिणींचे स्वागत करीत होती. मी एक मूठ उचलली. तळहाताला गार लागले.

ती धावत आत आली. "पुसलास ना गं सगळा?" मी विचारले.

"हो, आबा," ती म्हणाली. पण तिची नजर दाराकडे होती.

मी डब्यातून मूठभर बेसन काढले, मंद आचेवर खमंग भाजले आणि सारणात मिसळले. तळणीजवळ मुलांपैकी कोणाला येऊ दिले नाही. एका हातात झारा, दुसऱ्यात ताटली ढालीसारखी धरून स्वतः तळले. तीस वड्यांपैकी चार फुटल्या. कढीऐवजी चिंचेची आंबटगोड चटणी केली होती, त्यामुळे त्या नव्या मुलीलाही सगळ्यांबरोबर एकाच पंक्तीत बसता आले. तिने तिसरी वडी मागून घेतली आणि मला विचारले, "आजोबा, यात सांबार कुठे आहे?" सगळ्या पोरी खो-खो हसल्या.

मुली परतल्यावर आम्ही घरची माणसे जेवायला बसलो. फुटलेल्या चारही वड्या मी माझ्या ताटात वाढून घेतल्या होत्या. नात बराच वेळ माझ्या ताटाकडे पाहत राहिली. मग, "आबा, शेवटची जुडी राहिली होती," असे अगदी हळू म्हणून तिने आपली धड वडी माझ्या ताटात ठेवली आणि फुटलेल्यांतली एक उचलून खाऊ लागली.