मैदानाचा सुट्टीचा दिवस

मी गोल्फ खेळतो असं सांगितलं की समोरचा माणूस क्षणभर गप्प होतो. मग माझ्याकडे बघतो, माझ्या स्कूटरकडे बघतो आणि हसतो. आमच्या मोहल्ल्यात क्रिकेट चालतं, कॅरम चालतो, एखाद्या घरात कुस्तीची परंपरा असते. गोल्फ म्हणजे बड्या साहेबांचं काम. निवृत्त मास्तराला हे कुठून सुचलं, असं पाहुणे माझ्या बायकोला स्वयंपाकघरात जाऊन विचारतात. खर्चाचा हिशेब सोपा आहे. काठ्या जुन्या बाजारातल्या, चेंडू झुडपातून शोधून आणलेले, आणि खेळ महिन्यातून दोनदा, तोही जिथे पैसे भरून कुणालाही खेळता येतं अशा ठिकाणी.

पण ‘का’ या प्रश्नाचं उत्तर हिशेबात नाही, खेळाच्या नियमांत आहे. माझ्या माहितीत इतका न्यायाने चालणारा दुसरा खेळ नाही. त्यातला हँडिकॅप बघा. मैदानाचा पार ७२, म्हणजे चांगल्या खेळाडूने अठरा होल ७२ फटक्यांत पूर्ण करावेत ही अपेक्षा. माझा हँडिकॅप २२ आहे, माझ्या डॉक्टर मित्राचा ५. मी ९४ फटके घेतले आणि त्याने ७८, तर वजाबाकी करून माझे उरतात ७२ आणि त्याचे ७३. मी जिंकलो! कच्च्या खेळाडूला पक्क्याच्या शेजारी उभं करून दोघांची खरी लढत लावणारी ही सोय दुसरीकडे क्वचितच दिसते.

दुसरी गोष्ट नियतीची. म्हणजे नशिबाची नव्हे, नियत साफ असण्याची. आम्हा हौशी खेळाडूंच्या फेरीत पंच नसतो. चेंडू झाडीत गेला, तिथे तुम्ही एकटे. पायाने सरकवला तर कोण बघतंय? १९२५ च्या यूएस ओपनमध्ये बॉबी जोन्स या अमेरिकन खेळाडूने, फटका मारण्याआधी आपला चेंडू किंचित हलला असं स्वतःहून सांगितलं. दुसऱ्या कुणी ते पाहिलं नव्हतं. त्याने एक फटका दंड घेतला. शेवटी बरोबरी झाली आणि प्लेऑफमध्ये तो विली मॅकफार्लेनकडून हरला. तो एक फटका लपवला असता तर प्लेऑफची वेळच आली नसती. मुलांना प्रामाणिकपणा शिकवायला मी वर्गात ही गोष्ट अनेकदा सांगितली आहे.

म्हणजे आत सगळं ठीक आहे. अडचण फाटकावर आहे.

भाचा स्कॉटलंडमध्ये नोकरीला आहे, म्हणून आम्हा नवरा-बायकोला सेंट अँड्र्यूज बघता आलं. गोल्फवाल्यांसाठी ते मूळ गाव. तिथल्या ओल्ड कोर्सवर खेळायचं तर दोन दिवस आधी सोडतीत नाव टाकावं लागतं. फी तीनशे पौंडांच्या वर. मी नाव टाकलं, निघालं नाही. निघालं असतं तर पैशांचं काय केलं असतं हा विचार मी भाच्यासमोर बोलून दाखवला नाही.

पण रविवारी आम्ही त्याच मैदानावर चालत होतो, फुकट. रविवारी ओल्ड कोर्स खेळासाठी बंद असतो. मोठ्या स्पर्धांचे मोजके रविवार सोडले तर गवत विश्रांती घेतं आणि गाव मैदानात येतं. कुणी कुत्रं फिरवतंय, कुणी बाबागाडी ढकलतंय. स्विल्कन ओढ्यावरच्या ज्या छोट्या दगडी पुलावरून मोठमोठ्या विजेत्यांनी हात हलवून निरोप घेतला, त्यावर दोन मुलं पाय सोडून बसली होती. पहिल्या आणि अठराव्या होलच्या फेअरवेमधून सरळ गावची वाट जाते, आणि ती सार्वजनिक आहे.

हे कुणाच्या दयेने झालेलं नाही. १५५२ मध्ये तिथल्या आर्चबिशपने या जमिनीवर सशांची पैदास करण्याची परवानगी घेतली, तेव्हाच तिथे खेळण्याचा गावकऱ्यांचा हक्कही लेखी मान्य केला. पुढे ही जमीन खासगी हातांत गेली, सशांच्या व्यापाऱ्यांशी भांडणं झाली, कोर्टकचेऱ्या झाल्या. अखेर १८९४ च्या कायद्याने ती नगरपालिकेकडे आली आणि १९७४ पासून एक ट्रस्ट ती सांभाळतो. साडेतीनशे वर्षांत गावाने हक्क सोडला नाही, म्हणून आज जगातलं सर्वात प्रसिद्ध गोल्फ मैदान कुठल्याही क्लबच्या मालकीचं नाही.

त्याच्या शेजारीच ‘हिमालयाज’ नावाचं उंचवट्या-खळग्यांचं मोठं ग्रीन आहे. १८६७ मध्ये बायकांनी स्थापन केलेल्या पटिंग क्लबचं. बाईमाणसाने खांद्याच्या वर काठी उगारणं त्या काळी शोभत नसे, म्हणून त्यांच्या वाट्याला फक्त पटिंग आलं. आता तिथे चार-पाच पौंडांत कुणीही खेळू शकतं. माझ्या बायकोने आयुष्यात प्रथमच काठी हातात धरली, डोक्यावरची ओढणी नीट केली आणि एक लांबलचक पट थेट होलमध्ये घातला. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. तीस वर्षं माझी गोल्फची बडबड ऐकणारी ही बाई मला म्हणाली, “अहो, एवढंच असतं होय?” तिथलंही सगळं गुडीगुडी नाही. मैदानाला लागून असलेल्या रॉयल अँड एन्शंट क्लबने बायकांना सभासद करून घ्यायला २०१४ साल उजाडावं लागलं.

आपल्याकडे हा खेळ लवकर आला. कलकत्त्याचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९ चा, ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वात जुना. पण खेळ आला तो छावणीतून आणि क्लबातून. गावाचा हक्क मागे राहिला, साहेबांचं सभासदत्व पुढे आलं. साहेब गेले, सभासदत्वाच्या रांगा राहिल्या. त्या मैदानावर गावातली जी माणसं रोज येत, ती मागच्या फाटकातून येत: माळी आणि कॅडी. कॅडीला बहुतेक ठिकाणी पगार नसतो, फेरीमागे पैसे मिळतात. पाऊस पडला, साहेब आला नाही, तर रोज बुडाला. मात्र अनेक क्लबांत सोमवारी मैदान देखभालीसाठी बंद ठेवतात आणि त्या दिवशी कॅडींना खेळू देतात. तिकडे रविवार गावाचा, इकडे सोमवार कॅडीचा. आपल्या व्यावसायिक गोल्फचा मोठा भाग या अशा उरलेल्या वेळेत घडला.

इंडियन ओपन १९६४ मध्ये सुरू झाली. १९६५ मध्ये पी. जी. सेठी या हौशी खेळाडूने ती जिंकली. त्यानंतर पुन्हा भारतीय विजेता मिळायला १९९१ उजाडलं. तो होता अली शेर, दिल्लीत कॅडी म्हणून सुरुवात केलेला. १९९३ मध्ये त्याने ती पुन्हा जिंकली. १९९८ मध्ये कलकत्त्याच्या फिरोझ अलीने जिंकली, तोही कॅडींमधूनच वर आलेला. ही नावं वाचून आपल्या लोकांची छाती फुगते, फुगू द्या. पण अभिमान नुसत्या नावाचा नको, फाटकाचा हवा. त्याच मागच्या फाटकाचा आणखी एक माणूस म्हणजे मुकेश कुमार, महूचा. ज्या छावणीच्या गावात बाबासाहेब आंबेडकर जन्मले, त्याच गावचा. देशात शंभरावर स्पर्धा जिंकून झाल्यावर २०१६ मध्ये, वयाच्या ५१ व्या वर्षी, त्याने दिल्लीत आशियाई टूरवरची आपली पहिली स्पर्धा जिंकली.

त्याच दिल्ली गोल्फ क्लबवर ऑक्टोबर २०२५ मध्ये डीपी वर्ल्ड इंडिया चॅम्पियनशिप झाली. मी गेलो होतो. टीव्हीवर चेंडू दिसतो, पण मैदानाचा चढउतार आणि अंतर दिसत नाही. दोरीच्या कडेने चालल्यावर कळतं की हे मैदान किती अरुंद आहे, दोन्ही बाजूंना काटेरी झुडपं आहेत. रोरी मॅकलरॉयसारख्या लांब मारणाऱ्याने इथे ड्रायव्हर वापरायचाच नाही असं ठरवलं. आवारात लाल बंगल्यासारख्या मोगलकालीन वास्तू उभ्या आहेत. टॉमी फ्लीटवूड २२ अंडर पारने जिंकला. मोठ्या टूरवर विजेत्याचा कॅडी बक्षिसाच्या साधारण दहा टक्के घेऊन जातो. मी प्रत्येक होलवर खेळाडूपेक्षा त्याच्या कॅडीकडेच बघत होतो: वही, वारा, उतार, सबुरी.

ही विद्या आपल्या कॅडींकडे वहीशिवाय आहे. मी कधीमधी पाहुणा म्हणून ज्या मैदानावर जातो, तिथले एक वयस्कर कॅडी, त्यांना सगळे मामाच म्हणतात, मला सांगत होते, “सर, इथं डोळ्यांवर जाऊ नका. दिसतंय डावीकडं, पण चेंडू नदीकडंच जातुया.” गेला नदीकडेच. मामांचा नातू बारावीत आहे. त्याने कधी काठी धरली आहे का, विचारलं. म्हणाले, “त्याच्या पिढीला सोमवारसुद्धा नाय. इथं आता भरती बंद हाय.”

अठरा होलच्या मैदानाला शंभर-दीडशे एकर जमीन लागते आणि पाणीही भरपूर. दुष्काळाच्या राज्यात हा प्रश्न विचारलाच पाहिजे. मला त्याचं एकच उत्तर पटतं. सांडपाणी शुद्ध करून वापरा आणि मैदान सर्वांना खुलं करा. दिल्लीत डीडीएचं कुतुब गोल्फ कोर्स आहे, खारघरमध्ये सिडकोने सार्वजनिक मैदान उभारलं आहे. म्हणजे हे जमतं. सरकारी किंवा भाडेपट्ट्याच्या जमिनीवरच्या प्रत्येक मैदानाने आठवड्यातला एक दिवस आसपासच्या शाळांना द्यावा आणि माळी-कॅडींच्या मुलांना सरावाचा लेखी हक्क द्यावा. शब्द लेखीच हवा. तोंडी मेहेरबानी नवा सचिव आला की संपते, हे मामांच्या नातवाला विचारा. आणि सेंट अँड्र्यूजच्या गावकऱ्यांना विचारा, १५५२ चा एक कागद किती कामाला येतो.