गजरे किती धरायचे?

"गजरे चाळीस. मोठ्या आईचा धरू नका."

व्हॉट्सअ‍ॅपवर एवढाच मजकूर आणि खाली जोडलेले हात. नवऱ्यामुलीच्या आईचा निरोप होता. बाकीची यादी आधीच ठरली होती. वरमाला दोन, गुलाबाच्या, मधे गुलछडी. दाराला झेंडूचं तोरण. गौरीहराला शेवंतीच्या माळा. मुंडावळ्या त्यांच्याकडे मोत्यांच्या होत्या. गजऱ्यांचा आकडा तेवढा राहिला होता, तो आला, तो शेपटाशी हे वाक्य घेऊनच.

या धंद्यात याद्यांच्या तऱ्हा खूप पाहिल्या. 'विहीणबाईंचा जरा भरघोस करा', 'आजेसासूबाईंना मोगऱ्याने शिंका येतात, त्यांना अबोली द्या', 'करवल्यांना गजरा नको, एकेक ऑर्किड पुरे'. पण कोणाला वगळायचं ते सहसा कोणी लिहीत नाही. गरजच पडत नाही. घरातली एखादी जाणती बाई बोटांवर मोजते, मोजता मोजताच काही नावं गाळते आणि माझ्यापर्यंत येतो तो पक्का आकडा. या वेळी वजाबाकी खोडायची राहून गेली होती.

माझं दुकान म्हणजे कोथरूडमधला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. तुळशीचं लग्न लागलं की आषाढ उजाडेपर्यंत आमचं मोठं न्हाणीघर बादल्यांच्या ताब्यात असतं. कार्नेशन, जरबेरा, डच गुलाबांच्या गड्ड्या गळ्यापर्यंत पाण्यात उभ्या. घरच्यांच्या आंघोळी बाहेरच्या छोट्या बाथरूममध्ये, रांगेने. हॉलमध्ये सतरंजीवर मी आणि मदतीला येणाऱ्या दोघी ताई. पायाखाली देठ, पानं, मुंग्या. लिफ्टमध्ये पाकळ्या सांडल्या की खालच्या मजल्यावरच्या काकांचा फोन येतो. मुहूर्त दाट असले की फोन लवकर येतो. पहाटे नवरा मला स्कूटरवर गुलटेकडीला मार्केट यार्डात सोडतो. पितृपक्षात जिला कोणी हुंगत नाही ती शेवंती लग्नाच्या तारखांना असा भाव खाते की विचारायची सोय नाही. आणि घरी येऊन बघावं तर एखादी नवरीमुलगी मोबाइलवर पिओनीचा फोटो दाखवायला बसलेली. मे महिन्यात, पुण्यात, पिओनी! मी फोटोचं कौतुक करते, सरबत देते आणि तासाभरात तिला गुलाबावर आणते.

हे सगळं शिकता आलं. कोणती गड्डी शिळी, कोणत्या गुलाबाची बाहेरची पाकळी काढून तो ताजा म्हणून विकलाय, ते डोळ्यांना सरावाने कळायला लागलं. गजरा मात्र धंद्याच्या आधीपासून हातात होता. तो वाईच्या आमच्या घरातून आला, आत्याकडून.

केळीचं सोपट बारीक चिरून भिजत घालायचं. मऊ झालं की डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि तर्जनीत दोन कळ्या एका अंगाला, दोन दुसऱ्या अंगाला, देठाला देठ भिडवून धरायच्या. सोपटाचा एक वेढा, त्यातून फास, मग ओढ. ओढ जास्त झाली तर देठ कापतो. कमी झाली तर लग्न लागायच्या आत अर्धा गजरा पाठीवरून घरंगळतो. मधूनमधून अबोली, एखादी मरव्याची काडी. सुईचं काम नाही. सुईने ओवायचा तो हार, केसांत जायचं ते बांधलेलंच हवं, हा आत्याचा कायदा. मोगऱ्याचं वेळापत्रकही सांभाळावं लागतं. संध्याकाळच्या लग्नाला सकाळी तोडलेल्या घट्ट कळ्या चालतात, मांडवात येईतो आपसूक उमलतात. सकाळचा मुहूर्त असला की आदल्या दिवशी बांधलेले गजरे ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये भाजीच्या कप्प्यात थोपवून धरावे लागतात. रात्री कोणी पाणी प्यायला उठलं आणि फ्रिज उघडा राहिला की झालं. हिवाळ्यात मोगरा परवडत नाही, तेव्हा काकडा. दिसायला छान, वासाला काही नाही.

आत्या विशीतच माहेरी परतली होती. मागच्या पडवीत तिची जागा ठरलेली. परसात जुईचा मांडव, दोन मोगरे, अबोली. गल्लीतल्या लग्नांचे गजरे, वेण्या तिच्याकडूनच जायच्या. कमी पडतील म्हणून बायका आपल्याकडची फुलं आणून द्यायच्या, ती मागच्या दाराने. बांधलेलं न्यायच्या तेही मागच्या दाराने. लग्नाच्या दिवशी सगळं घर मांडवात, आत्या घरी.

बांधून झालं की सोपटाला बोट-दोन बोटं गजरा उरायचा, कोणाच्याच अंबाड्याला पुरणार नाही असा तुकडा. एकदा तो तुकडा मी तिच्या अंबाड्यात खोचायला गेले. तिने मागे न बघता माझं मनगट धरलं. हात ओला, गार, बोटांना सोपटाचे धागे चिकटलेले.

"कडीला लाव," म्हणाली. "कडीला कोणी काही म्हणत नाही."

मी तो दाराच्या कडीला लावला.

गंमत अशी की लग्नाची फुलं करणारी मी, लग्न असं फारसं बघतच नाही. पाहुणे यायच्या आत गौरीहर सजवायचा, तोरण बांधायचं, खोकी उचलायची आणि मागच्या जिन्याने खाली. अक्षता डोक्यावर पडतात तेव्हा मी घरी केर काढत असते. पण एकदा कार्यालयाच्या दाराचं तोरण एका बाजूने सुटलं आणि मला परत बोलावलं. स्टुलावर उभी होते, त्यामुळे सगळा हॉल दिसत होता. नऊवारी नेसलेली, आठवी-नववीतली एक मुलगी माझ्या गजऱ्यांची थाळी घेऊन खुर्च्यांच्या ओळीतून येत होती. उचलायचा, द्यायचा, हसायचं, पुढे. एका खुर्चीपाशी तिचा हात गजऱ्यापर्यंत गेला. नजर समोरच्या कपाळावर गेली, मग गळ्यावर. आणि हात तसाच पुढच्या खुर्चीकडे वळला. तिला हे कोणी बसून शिकवलं नसणार. पण माझं लक्ष गेलं ते खुर्चीतल्या बाईंकडे. त्या पर्समध्ये काहीतरी शोधत होत्या. थाळी दोन खुर्च्या अलीकडे होती तेव्हाच त्यांनी शोधायला सुरुवात केली होती.

मंडईवरून जाताना मला जोतीराव फुले आठवतात. या लेखात त्यांना कुठे बसवावं ते कळत नाही, तरी सांगते. घराणं मूळचं गोऱ्ह्यांचं. पेशव्यांकडे फुलं पुरवायचं काम मिळालं आणि ते फुले झाले. त्या घरातला हा मुलगा 1848 मध्ये ब्राह्मण मित्राच्या लग्नाला गेला, वरातीत चालू लागला, आणि जातीवरून त्याचा अपमान झाला. फूल चालतं, फूलवाल्याचा मुलगा चालत नाही. 1863 मध्ये त्यांनी आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, अडलेल्या विधवांना बाळंतपणाला जागा असावी म्हणून. 1873 च्या सप्टेंबरात सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि त्याच वर्षी 25 डिसेंबरला पुरोहिताशिवायचं पहिलं सत्यशोधक लग्न लागलं. नगरपालिकेत असताना त्यांनी मंडईच्या इमारतीवरच्या खर्चाला विरोध केला होता, तो पैसा शिक्षणावर घाला म्हणून. मंडई 1886 मध्ये झाली, नाव लॉर्ड रे यांचं लागलं. पुढे तिलाच फुल्यांचं नाव दिलं गेलं. आता त्या नावाच्या आसऱ्याने हारवाल्या बसतात आणि मी त्यांच्याशी शेवंतीच्या भावावरून घासाघीस करते.

आणि फुलांचंच म्हणाल तर झेंडू आणि गुलछडी, दोघंही मूळचे मेक्सिकोकडचे. साता समुद्रापलीकडून आले आणि थेट देवघरात शिरले. त्यांचं मूळ गाव कोणी विचारलं नाही.

2022 च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा पेपरातलं ते पान मी फुलं गुंडाळायला घेतलं नाही, बाजूला ठेवलं. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं बंद. त्याच महिन्यात सरकारनेही इतर ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. मोठी गोष्ट झाली. पण थाळी असल्या ठरावाच्या चिमटीत येत नाही. तिथं कोणी काही फोडत नाही, पुसत नाही. नुसता हात पुढे सरकतो.

मोठ्या लग्नांत आता थाळीच दिसत नाही. इव्हेंटवाल्या मंडळींनी 'गजरा काउंटर' काढलाय. बांगड्यांच्या आणि मेंदीच्या शेजारी एक टेबल, त्यावर टोपलीत गजरे. ज्याला हवा त्याने घ्यावा. माझा या टेबलावर दात आहे, आणि फक्त ते लोक तिथं स्पंजची फुलं मांडतात म्हणून नाही. वरवर बघितलं तर काउंटर निर्मळ वाटतो. कोणाला गाळणं नाही, कोणाचं कपाळ बघणं नाही. पण वर्षानुवर्षं जिला ओलांडून थाळी पुढे गेली ती बाई उठून, हॉल ओलांडून, सगळ्यांदेखत त्या टेबलापाशी जाऊन गजरा उचलेल का? ती खुर्चीतच बसणार. आणि म्हणायला मोकळे, की ठेवले होते की, त्यांनीच घेतला नाही!

मी आपली माझ्या परीने बंड करायची. चाळीस सांगितले की चार-पाच वर टाकायचे, बिलात न लावता. आत्याच्या नावाचे, असं मनाशी म्हणायचे आणि त्या दिवशी जरा ताठ चालायचे. त्या मोठ्या आईच्या घरच्या लग्नातही टाकले. त्यातला एखादा तिच्यापर्यंत गेला की खोक्यातच सुकला, ते कळायला मार्ग नाही. मी तेव्हा केर काढत होते.

त्यानंतर काही दिवसांनी एक बाई आल्या, मुलीच्या लग्नाची फुलं ठरवायला. एकट्याच. बँकेतून निवृत्त झालेल्या, हिशेबाला चोख. वरमालेतल्या गुलाबांचा दरसुद्धा त्यांनी पाडून घेतला. गजऱ्यांवर गाडी आली तेव्हा मी आपणहून म्हटलं, "तुमचाही धरलाय हं, मोगऱ्याचा, छान भरगच्च."

"मला नको," त्या म्हणाल्या. "मोगऱ्याने माझं डोकं उठतं. हे होते तेव्हासुद्धा मी कधी माळला नाही." मग पर्समधून पेन काढून माझ्या यादीवर टॅप करत म्हणाल्या, "पण थाळी माझ्यापुढे आली पाहिजे. नको म्हणायचं ते मी म्हणेन."

त्या गेल्यावर मी सोपट चिरत बसले आणि आत्या आठवली, म्हणजे तो हात आठवला. इतकी वर्षं मी त्या पकडीचा एकच अर्थ लावत आले होते: तिला हवा होता आणि घेता येत नव्हता. आता वाटलं, कोण जाणे. दिवसभर त्या वासात बसून तिला फुलांचा वीटही आला असेल. उन्हाळ्यात चार वाजेपर्यंत ओणवं बसून बांधलेल्या फुलांचा वास मलाही रात्री नकोसा होतो, अंगावरची साडी बदलल्याशिवाय जेवण जात नाही. कदाचित तिला अबोली आवडत असेल, मोगरा नसेल. कदाचित तुकडा नको असेल. पुरा, हातभर गजरा हवा असेल, सगळ्यांसारखा. आईने कधी तिला विचारलं नाही, कारण विचारायची रीत नव्हती. मीही विचारलं नाही. मी एकदम मागून खोचायलाच गेले होते. 'घेणार का?' हे दोन शब्द त्या घरात तिच्यापुढे कोणी ठेवलेच नाहीत.

तेव्हापासून मी फुकटचे गजरे टाकणं सोडलं आणि थाळी कोणाच्या हातात जाणार ते विचारायला लागले. यजमानांना हा प्रश्न विचित्र वाटतो. "असेल की कोणीतरी मुलगी." मी म्हणते, मुलगा द्या. दहा-बारा वर्षांचा, अंगात झब्बा असलेला, कंटाळलेला मुलगा प्रत्येक लग्नात असतोच. त्याला मी एकच सांगते: खुर्ची मोकळी असेल तर सोडायची, नाहीतर प्रत्येकापुढे थाळी धरून 'घेणार का?' विचारायचं.

ही पोरं कपाळ बघत नाहीत, गळा बघत नाहीत. त्यांना त्यातलं कळतच नाही. पण ती मग कुठे थांबावं हेही जाणत नाहीत. एकाने सबंध थाळी नवरीच्या बाजूलाच संपवली. बायकांना दिले, तसे पुरुषांनाही विचारले. नवरीच्या आजोबांनी हौसेने घेऊन खिशाला लावला, फोटोग्राफरने कॅमेऱ्याच्या पट्ट्याला, आणि वाढपी मावश्या आपापला गजरा लगेच टोपीखाली खोचून पंगतीला निघून गेल्या. गुरुजींनी मनगटाला बांधून मंगलाष्टकं म्हटली. वराकडच्या बायका वाट बघत बसल्या, विहीणबाईंचा चेहरा पडला आणि मला फोन आला की चाळीस सांगितले होते, चाळीसच आले ना?

चाळीसच गेले होते. म्हणून आता यादी घेताना बायका किती येणार हे मी विचारतच नाही. खुर्च्या किती मांडणार ते विचारते, आणि निम्म्या खुर्च्यांचे पैसे लावते. लोक कुरकुरतात, दर पाडून मागतात. दर मी थोडा पाडते, आकडा पाडत नाही.