गावी जायचं, पण कुणाच्या घरात?



ह्यांना निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून दर दिवाळीत आमच्याकडे एक विषय निघतोच, “आता गावी जाऊया का?” शिरोळ तालुक्यात कृष्णेकाठी आमचं घर आहे. डोंबिवलीत ३९ वर्षं काढली. मुलगा बंगळूरला, मुलगी पुण्यात. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. भाजी आणायला उतरले की वर येताना दुसऱ्या मजल्यावर मला थांबावंच लागतं. मागच्या दिवाळीत मी म्हटलं, आता नुसतं बोलणं पुरे, काय ते ठरवू. तुमच्यापैकी कितीतरी घरी हाच विषय चालू असेल, म्हणून आमचं काय झालं ते लिहिते.

मी कॉमर्सची, त्यामुळे आधी वही काढली. एका बाजूला गाव, एका बाजूला डोंबिवली.

गावाच्या बाजूला पहिलं लिहिलं, बस्ती पाच मिनिटांवर. रोज अभिषेक बघायला मिळेल. मुनिसंघ विहार करत आला तर चौका लावता येईल, आहार देण्याचं भाग्य मिळेल. डोंबिवलीत चौका म्हटलं की विहिरीचं पाणी कुठून आणायचं इथपासून तयारी. दिवसाउजेडी जेवायला गावात कुणाला कारण सांगावं लागत नाही. इथे ह्यांनी नोकरीभर दोन डबे नेले. दुसरा डबा साडेपाचला ऑफिसातच संपवायचा, कारण थंडीत सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि हे तेव्हा लोकलमध्ये उभे असायचे. दवाखान्यांची काळजी नव्हती, मिरज-सांगली जवळ आहे. शेवटी लिहिलं, ‘घर निम्मं आपलं, भाडं शून्य.’

डोंबिवलीच्या बाजूला शेजारणी आल्या. रविवारच्या पाठशाळेत माझ्याकडे येणाऱ्या मुली आल्या. आणि एक गोष्ट लिहायला जरा लाज वाटली, पण लिहिली. गावी मी थोरल्या सूनबाई, इथे मला माझ्या नावानं हाक मारतात. शिवाय इथे कृष्णेचा पूर नाही.

बेरीज गावाच्या बाजूनं आली. माघात आम्ही घर बघून यायला गेलो.

ह्यांनी पिशवीतून टेप काढला आणि पुढच्या दोन खोल्या मोजल्या. इथे आपली कॉट, इथे कमोड बसवू, ही भिंत पाडू. त्यातल्या एका खोलीत धाकट्या जाऊबाईंचं शिलाई मशीन असतं. गावातल्या बायकांचे ब्लाउज शिवून त्यांनी मुलीच्या शिक्षणाला हातभार लावला आहे. त्या काही बोलल्या नाहीत. चहा दिला. संध्याकाळी आम्ही बस्तीतून आलो तर मशीन मागच्या पडवीत गेलेलं. म्हणाल्या, “अक्का, खोली मोकळी केलीय. कधी येताय?”

मशीन हललं तशी त्यामागची भिंत दिसली. माझ्या खांद्याच्या वर पुराची रेघ होती. बाकी घराला रंग दिला, मशीनमागचा तेवढा पट्टा राहून गेला होता.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी २००५ च्या खुणेवर गेलं. सासूबाई तेव्हा ८६ वर्षांच्या. जाऊबाईंनी त्यांना नावेतून बाहेर काढलं, जयसिंगपूरला नातेवाइकांकडे नेलं. भावजींनी म्हशी उंचावर नेऊन बांधल्या. पाणी ओसरल्यावर घरात गुडघाभर चिखल होता, कणगीतलं धान्य कुजलं होतं. ते सगळं जाऊबाईंनी उपसलं. मी काय केलं? टीव्ही बघितला, फोन केले, पैसे पाठवले. गाड्या सुरू झाल्यावर चार दिवस जाऊन आले. त्यानंतर सासूबाई तीन वर्षं अंथरुणावर होत्या. त्यांच्या शेवटच्या घटकेला कानात णमोकार म्हटला तो जाऊबाईंनी. आम्ही तेव्हा महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये होतो.

यातलं एक अक्षर माझ्या वहीत नव्हतं. ‘घर निम्मं आपलं’ एवढंच होतं. कागदावर ते खरंही आहे.

परतताना आम्ही बाहुबलीला गेलो. कुंभोजजवळची ती २८ फुटी मूर्ती तुम्ही पाहिली असेल. लहानपणापासून ऐकलेली कथा त्या दिवशी मला नव्यानं टोचली. दोन भावांचं भांडण राज्यासाठी. बाहुबली जिंकले आणि जिंकल्यावर सगळं थोरल्या भावाला सोडून निघाले. तरी वर्षभर उभे राहून तप केलं, वेली अंगावर चढल्या, तेव्हाही आपण भरताच्या भूमीवर उभे आहोत हे शल्य मनात राहिलं होतं म्हणतात. मग माझ्या मनात दोन खोल्या राहिल्या तर नवल काय? आपल्या परिग्रह-परिमाण व्रतातही मर्यादा घालायच्या वस्तूंत आधी येतात ते क्षेत्र आणि वास्तू, म्हणजे शेत आणि घर.

घरी आल्यावर मी ह्यांना म्हटलं, “त्या खोल्या नको.” हे चिडले. “माझ्या वडिलांचं घर आहे.” मी म्हटलं, “आहेच. पण तुमच्या आईला कुणी सांभाळलं?” दोन दिवस आमचं बोलणं बंद होतं. पुढे कित्येक महिने विषय नुसता पडून राहिला.

यंदा दशलक्षण पर्व झालं आणि क्षमावणीच्या दिवशी ह्यांनी भावाला फोन लावला. नेहमीची क्षमा मागून झाल्यावर म्हणाले, “आणि टेप लावून खोली मोजली, त्याबद्दल.” पलीकडे बराच वेळ आवाज नव्हता.

आता असं ठरलं आहे. जयसिंगपूरला तळमजल्यावर दोन खोल्या भाड्यानं घ्यायच्या. मंदिर जवळ, स्टेशन जवळ, गाव अर्ध्या तासावर. पुढचा चातुर्मास तिथे काढायचा, मग वर्ष पुरं करायचं. तोवर डोंबिवलीची जागा विकायची नाही. उन्हाळा, पाऊस, आजारपण हे सगळं एकदा अनुभवल्याशिवाय परतीचा दोर कापू नये, असं मला वाटतं. आणि माझ्या पाठशाळेतल्या मुलींना मी वर्षाच्या शेवटी भेटायचा शब्द दिला आहे.

घराच्या हिश्शाचं मात्र अजून पुरतं झालेलं नाही. भावाच्या नावे हक्कसोडपत्र करावं, असं माझं मत. तोंडी सोडून चालत नाही, दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवावं लागतं, नाहीतर पुढच्या पिढीत पुन्हा टेप निघतो. मुलांना विचारलं. मुलगी लगेच हो म्हणाली, मुलाला थोडं लागलं. हे म्हणतात, “बघू.” मी घाई करत नाही. फोन करायलाही त्यांना सात महिने लागले होते.

जाऊबाईंना भाड्याच्या खोल्यांचं सांगितलं तर म्हणाल्या, “गावात घर असताना भाड्यानं? लोक काय म्हणतील, अक्का?”

मी म्हटलं, “सांगा, अक्काला पुराची भीती वाटते.”

त्या हसल्या. मग मी विचारलं, “मशीन कुठं आहे?”

“पडवीतच आहे.”

“ते आज आत घ्या,” मी म्हटलं.