ओझं लागलं की शहाणी

सोनपेठला रेल्वे नाही. गाडी पाहायची तर गंगाखेड नाहीतर परळी गाठावी लागते. माझ्या घरात मात्र एक आगगाडी आहे. टिनच्या पत्र्याची, चावीवर चालणारी, गंगाखेडच्या एका भंगाराच्या दुकानात वजनावर जाता जाता वाचलेली. वीतभर इंजिन, मागे टेंडर आणि दोन वाघिणी. अंगावर कंपनीचं नाव नाही.

नाव नसलं तरी कूळ मोठं आहे. जर्मनीच्या मार्कलिन कंपनीने १८९१ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत खेळण्यातल्या रेल्वेचा संच मांडला आणि रुळांची मापं ठरवली. लिव्हरपूलला फ्रँक हॉर्नबीच्या कारखान्यातून १९२० पासून चावीच्या गाड्या निघू लागल्या. हिचे रूळही त्याच घराण्यातले, ३२ मिलिमीटर रुंदीचे. त्यामुळे परक्या कारखान्याची वाघीणही हिच्यामागे बिनतक्रार धावते.

इंजिनाच्या बंबावर रिव्हेटच्या रांगा दिसतात. बोट फिरवलं की कळतं, त्या छापलेल्या आहेत. पत्रा सपाट असतानाच त्यावर सगळी नक्षी छापायची, मग दाबयंत्रात कापून वाकवायचा आणि कडेच्या बारीक जिभल्या समोरच्या खाचांत घालून मुडपायच्या. जिभली पुन्हा पुन्हा उघडली की मुळाशी तुटते. म्हणून हिचं पोट उगाच उघडायचं नाही. आसांना शिवणयंत्राचं तेल एकेक थेंब, तेही सुईच्या टोकाने. जास्त झालं तर धूळ धरते आणि दाते अडतात.

स्वभावाने तापट. चावी पूर्ण दिलेली असताना एकटी सोडली, तर पहिल्याच वळणावर रूळ सोडून आडवी होते. स्प्रिंगचा सगळा जोर सुरुवातीलाच असतो, आणि अंगात वजन नाही. मागे वाघिणी जोडल्या, त्यांत मूठभर ज्वारी भरली, की चाल बदलते. वळण सांभाळून घेते, दम पुरवून वापरते. मोकळी उधळते, ओझं लागलं की शहाणी होते. कामकरी जात आहे तिची. रात्री ठेवताना उरलेली चावी उतरवून ठेवावी लागते; ताणलेली स्प्रिंग तशीच राहिली तर थकते.

येणारेजाणारे सांगतात, एकदा रंग मारून घ्या. मी घेत नाही. धुराड्याजवळचा हिरवा रंग जिथे उडालाय, तिथे कुण्या लेकराने तिला वर्षानुवर्षं बोटांनी धरलं होतं. त्यावर ब्रश फिरवला, तर ते लेकरू पुसलं जाईल. गंज तेवढा तेलाच्या फडक्याने थोपवायचा.

पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १ एप्रिल १९९८ ला सुरू झालं. सिग्नल, उड्डाणपूल, दिव्यांचे खांब असं अख्खं गाव तिथे मांडलंय आणि त्यातून विजेवरच्या गाड्या धावतात. धावतात, हेच मला मोलाचं वाटतं. एका माणसाने मोठेपणी हा छंद इतक्या निष्ठेने केला, म्हणून पुढच्या पिढीच्या मुलांना काचेला नाक लावून उभं राहता येतं.

म्हणूनच घरी लेकरं आली की चावी मी त्यांच्या हातात देतो. किती पिळायची ते दाखवतो आणि वाघिणी आधी जोडायला सांगतो. चाकं झिजतील, हे मला माहीत आहे. झिजू देत. गाडी आहे, तिने चाललंच पाहिजे.