उसाच्या पानाचा छेद

शिरूर आणि दौंड या तालुक्यांत पीक कोणतं घ्यायचं हे पाणी ठरवतं. घोड, भीमा आणि खडकवासल्याच्या कालव्याचं पाणी पोचतं तिथं ऊस. पोचत नाही तिथं बाजरी, ज्वारी. एक पीक बागायतदाराचं, दुसरं कोरडवाहू शेतकऱ्याचं. भाव वेगळा, कर्ज वेगळं, गावातला मानही वेगळा. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र दोन्ही पानांची घडण एकाच जातीची निघते. पदवीच्या पहिल्या वर्षाला जीवशास्त्र घेणाऱ्या इथल्या प्रत्येक मुलामुलीनं हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं, असं मला फार मनापासून वाटतं.

प्रयोग साधा आहे. उसाच्या पानाचा बोटभर तुकडा बटाट्याच्या फोडीत खोचायचा, नव्या ब्लेडनं आडवे पातळ छेद घ्यायचे, वॉच ग्लासमधल्या पाण्यात सोडायचे आणि त्यातला सर्वांत पातळ छेद ब्रशनं उचलून काचपट्टीवर घ्यायचा. वर सॅफ्रानिनचा थेंब, मग कव्हरस्लिप. पहिले काही छेद जाडच येतात. हात बसायला वेळ लागतो. एकदा चांगला छेद मिळाला की पानाच्या प्रत्येक शिरेभोवती मोठ्या पेशींचं कडं दिसतं आणि त्या कड्याभोवती लहान पेशींचं आणखी एक. बाजरीत हेच, ज्वारीत हेच, गोठ्यासाठी लावलेल्या मक्यातही हेच. शेजारी गव्हाच्या पानाचा छेद ठेवला की फरक लगेच कळतो. गव्हात शिरेभोवती असं हिरवंगार कडं नसतं.

हे कडं जर्मन भाषिक वनस्पतिशास्त्रज्ञांनी एकोणिसाव्या शतकातच पाहिलं होतं, पण ते कशासाठी असतं हे कळायला 1960चं दशक उजाडावं लागलं. हवाईतल्या ऊस संशोधकांना किरणोत्सारी कार्बन उसाच्या पानातल्या अनपेक्षित संयुगांत सापडत होता. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या एका साखर कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करणारे हॅच आणि स्लॅक यांनी 1966 साली त्याचा उलगडा मांडला. बाहेरच्या पेशी हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडून चार कार्बनच्या आम्लात बांधतात, ते आम्ल आतल्या कड्यात पोचवतात आणि तिथं वायू मोकळा होऊन साखर बनते. आत वायूची दाटी झाल्यानं रखरखीत उन्हातही काम अडत नाही, आणि पानाची छिद्रं थोडी मिटलेली असली तरी भागतं.

मक्याच्या पानात हे रंगानंसुद्धा दाखवता येतं. दिवसभर ऊन खाल्लेलं पान संध्याकाळी खुडायचं, गरम पाण्याच्या भांड्यात ठेवलेल्या अल्कोहोलमध्ये त्याचा हिरवा रंग उतरवायचा आणि छेदावर आयोडीन टाकायचं. पिष्ट आतल्या कड्यात साठलेलं असतं, त्यामुळे काळपट निळा रंग मुख्यतः तिथंच चढतो.

मग विद्यार्थ्यानं एक प्रश्न विचारायलाच हवा. पान इतकं काटकसरी, तर बाजरी पावसावर भागवते आणि उसाला कालवा का लागतो? उत्तर शेतातच आहे. बाजरी तीन महिन्यांच्या आत काढणीला येते. आडसाली ऊस दीड वर्ष उभा असतो आणि एकरी कित्येक टन ओला माल तयार करतो. पानाची कार्यक्षमता ही एक बाब, पिकाची एकूण तहान ही दुसरी. कालव्याच्या आवर्तनावरून दर उन्हाळ्यात जिथं वाद होतात, तिथल्या मुलांना हा भेद वीस वर्षांच्या वयात समजणं मोलाचं आहे.

साखरेचा प्रयोगही इथं परगावाहून आणायची गरज नाही. दौंड तालुक्यात गुऱ्हाळं आहेत, पाटसला साखर कारखाना आहे. अभ्यासक्रमात बेनेडिक्टची चाचणी असतेच. बहुतेक ठिकाणी ती बाटलीतल्या ग्लुकोजवर होते. त्याऐवजी तीन परीक्षानळ्या घ्याव्यात: एकीत दाणेदार साखरेचं पाणी, दुसरीत गुळाचं, तिसरीत तोडून आठवडाभर उन्हात पडलेल्या कांडीचा रस. बेनेडिक्टचं द्रावण घालून तिन्ही उकळत्या पाण्यात ठेवल्या की साखरेची नळी निळीच राहते. गुळाची हिरवी, पिवळी होत विटकरी रंगावर येते. शिळ्या उसाच्या रसाचा रंगही बदलतो, आणि ताज्या उसाचा रस चौथ्या नळीत घेतला तर शिळेपणानं किती फरक पडला हे समोरासमोर दिसतं.

कारण असं. दाणेदार साखर म्हणजे सुक्रोज, आणि सुक्रोजला ही चाचणी लागू पडत नाही. सुक्रोज तुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज झाले की ती लागू पडते. गुळाच्या काहिलीत उष्णता आणि रसाची आंबटता ही तोडफोड काही प्रमाणात करते. तोडलेल्या उसात ती इन्व्हर्टेज हे विकर करतं; काही उसाचं स्वतःचं, काही कापलेल्या टोकातून शिरलेल्या सूक्ष्मजीवांचं. कारखान्याच्या काट्यावर ट्रॉल्यांची रांग लागते तेव्हा साखरेचा उतारा पडतो म्हणतात, त्याचं हे एक ठळक कारण. यीस्टमधून काढलेल्या याच इन्व्हर्टेजवर मायकेलिस आणि मॉड मेंटेन यांनी बर्लिनमध्ये प्रयोग केले आणि विकरांच्या वेगाचं समीकरण 1913 साली मांडलं. आजही जीवरसायनशास्त्राचा विद्यार्थी त्याच समीकरणापासून सुरुवात करतो.

काही प्रात्यक्षिकं बंद होणंच बरं असतं. 2014 साली विद्यापीठ अनुदान आयोगानं प्राण्यांचं विच्छेदन थांबवायला सांगितलं. ते योग्यच झालं.

कांद्याच्या मुळाच्या टोकाचं प्रात्यक्षिक मात्र कुणी सोडू नये. कांदा यासाठी निवडतात कारण त्याची गुणसूत्रं फक्त 16 आणि चांगली मोठी आहेत. उसाची शंभराच्या वर असतात. ती मोजणं नवख्याचं काम नव्हे. कांदा पाण्याच्या पेल्यावर ठेवला की काही दिवसांत मुळं फुटतात. टोकं कापून अल्कोहोल आणि अॅसेटिक आम्लाच्या मिश्रणात ठेवायची, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात मऊ करायची, अॅसिटोकार्मिनमध्ये रंगवायची आणि कव्हरस्लिपखाली अंगठ्यानं दाबायची.

पुस्तकात विभाजनाच्या चार अवस्था शेजारी शेजारी छापलेल्या असतात. काचपट्टीवर तसं दिसत नाही. बहुतेक पेशी दोन विभाजनांच्या मधल्या काळात, नुसत्या गोल केंद्रकासह बसलेल्या असतात. विभागत असलेल्या पेशी शोधाव्या लागतात. हेच खरं निरीक्षण आहे, कारण पेशीचा बराचसा काळ विभाजनाच्या तयारीतच जातो. दिसलेल्या शंभर पेशींत किती कुठल्या अवस्थेत आहेत हे मोजलं, तर कोणती अवस्था किती वेळ चालते याचा अंदाज मिळतो. दुर्दैवानं जर्नलमध्ये पुस्तकातल्याच चार आकृत्या उतरतात. चाळीत साठवलेल्या कांद्याला मोड येतात तेही याच विभाजनामुळे. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचा किरण प्रक्रिया प्रकल्प 2002 पासून आहे; तिथं गॅमा किरणांची अल्प मात्रा देऊन मोडाच्या पेशींची विभागण्याची क्षमता मोडतात, म्हणून कांदा टिकतो.

आणि पाण्याचं काय? शिरूर तालुक्यातल्या रांजणगाव सांडसजवळ मुळा-मुठा भीमेला मिळते आणि पुणे शहराचं सांडपाणी घेऊन येते. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन विंकलर पद्धतीनं कुठल्याही कॉलेजात मोजता येतो. घोडनदीच्या पाण्याचा एक नमुना, संगमाखालच्या भीमेचा एक, आणि सोबत जलपर्णीच्या फुगीर देठाचा छेद, ज्यात हवेच्या पोकळ्या दिसतात. एका बॅचचं काम आहे.

शिरूर आणि दौंडच्या महाविद्यालयांतल्या शिक्षकांना म्हणून एक विनंती. येत्या गळीत हंगामात प्रयोगशाळेत गूळ, ताजी आणि शिळी कांडी, बाजरीचं पान आणि नदीचं पाणी येऊ द्या. विद्यार्थी हे सगळं घरूनच आणतील. आणि काचपट्टीवर जे दिसलं तेच त्यांनी जर्नलमध्ये काढलं, आकृती पुस्तकासारखी आली नाही, तरी मार्क कापू नका.