साभार परत आलेल्या कथांचे पुस्तक

वस्तीतल्या माणसांच्या आणि आमच्या घरच्या गोष्टी मी २००६ पासून लिहिते आहे. १९८२ च्या गिरणी संपानंतर खानावळीचे डबे करून आम्हाला शिकवणारी आई, पहाटे पाण्याच्या रांगेत भांडणाऱ्या आणि दुपारी एकमेकींची पोरे सांभाळणाऱ्या शेजारणी, अशा चौदा कथा झाल्या. कचेरी, स्वयंपाक आणि महिला मंडळाची बैठक आटोपली की रात्री लिहायला बसायचे. बारा वर्षे या कथा मासिकांकडे आणि प्रकाशकांकडे गेल्या व साभार परत आल्या. एकाने कळवले, भाषा अशुद्ध आहे. दुसऱ्याने कळवले, असले दुःख आता खूप छापून झाले. तिसरे छापायला तयार होते, पण खर्च माझा; आकडा तीन पगारांएवढा!

वाचकहो, नकार आला म्हणून लेखन टाकाऊ ठरत नाही, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने अधिवेशन रद्द केले, तेव्हा बाबासाहेबांनी आपले लिहून तयार असलेले भाषण स्वखर्चाने छापले. 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' तो हाच ग्रंथ. १५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या. माझ्या साध्या कथांची त्याच्याशी बरोबरी नाही. धीर मात्र मी तिथूनच घेतला.

डिसेंबर २०१६ मध्ये अ‍ॅमेझॉनच्या किंडलवर मराठी पुस्तके सुरू झाली. तिथे ई-पुस्तक काढायला लेखकाला पैसे भरावे लागत नाहीत. पॅन, बँक खाते आणि युनिकोडमध्ये टाइप केलेली वर्डची फाइल लागते. टायपिंग येत नसेल तर मोबाइलवर बोलून मजकूर उतरवता येतो, मग चुका दुरुस्त कराव्यात. वाचकालाही वेगळे यंत्र घ्यावे लागत नाही. मोबाइलवर वाचता येते. हक्क आपल्याकडेच राहतात. मात्र 'केडीपी सिलेक्ट'वर खूण केली तर ९० दिवस तेच ई-पुस्तक दुसरीकडे देता येत नाही. म्हणून अटी वाचूनच खूण करावी.

एक सांगते, संपादक नसला की चुका दाखवणाराही नसतो. माझ्या मैत्रिणीने सगळा मजकूर तीनदा तपासला. ज्यांच्यावर लिहिले त्यांना आधी वाचून दाखवला. आई म्हणाली, "खरं हाय ना? मग घाल माझं नाव."

२०१९ साली पुस्तक निघाले. पहिल्या वर्षी ६१ प्रती गेल्या. त्यातून घर चालत नाही. पण गिरणगाव सोडून गेलेल्या एका शेजारणीला तिच्या नातीने मोबाइलवरून आईची कथा वाचून दाखवली, आणि तिने फोन करून माझ्याकडून राहिलेल्या दोन गोष्टी सांगितल्या. त्या आता मी लिहून काढल्या आहेत.

आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांची आयुष्ये कुठल्याही दप्तरात नोंदलेली नाहीत. ती माणसे आहेत तोवर त्यांच्याजवळ बसा, विचारा, लिहून घ्या. छापणारा कोणी भेटेल म्हणून थांबू नका.