फटकळ

अंग पिवळसर गोरं, वजन सव्वा किलोच्या आसपास. पहिल्यांदा हातात घेणाऱ्याला वाटतं, आत काही भरायचं राहूनच गेलंय. स्पेनमध्ये हिला ‘ब्लांका’ म्हणतात, म्हणजे गोरी. फ्लामेंको या तिथल्या गाण्या-नाचाच्या शैलीची जुनी, अस्सल गिटार ती हीच. स्वभावाने फटकळ. शास्त्रीय गिटारीचा एक सूर छेडला की तो घोळत राहतो. ही ताडकन बोलते आणि गप्प होते. सुरांच्या लाडिकपणाची सवय असलेल्याला पहिल्या भेटीत ती उर्मटच वाटते.

पण तिची नोकरी काय होती ते बघा. एकोणिसाव्या शतकातले अंदालुसियातले काफे कांतांते, म्हणजे गाण्या-नाचाचे कॅफे. लाकडी मंचावर टाचांचा मारा चाललाय, भोवती टाळ्या, गाणारा जीव तोडून गातोय, आणि ही त्याच्या शेजारी. बारा मात्रांच्या आवर्तनात ठोका नेमका कुठे पडला, हे त्या कल्लोळातून नाचणारीला ऐकू गेलं पाहिजे. एका मात्रेचा सूर पुढच्या मात्रेवर सांडला की सगळा गिचका. तेव्हा आवाजाने झटकन यायचं, काम करायचं आणि वाट मोकळी करायची.

तिच्या पाठीचं आणि बाजूंचं लाकूडही साधंच, सायप्रसचं. स्पेनमध्ये ही झाडं दफनभूमीच्या कडेला हमखास दिसतात. रोजवूड समुद्रापलीकडून यायचं, त्याला पैसे पडायचे; फ्लामेंकोच्या वादकांचे, त्यातही गितानो, म्हणजे स्पेनमधल्या जिप्सी, वादकांचे, खिसे बहुधा रिकामे. म्हणून दारचं लाकूड वापरलं. ते हलकं होतं, आवाज कोरडा आणि तिखट देत होतं, आणि पुढे लोकांच्या कानांनी तोच आवाज फ्लामेंकोचा म्हणून धरून ठेवला.

शास्त्रीय गिटारीचं आणि हिचं घराणं मात्र एकच. अल्मेरियाचा आंतोनियो दे तोरेस (१८१७–१८९२) हा आजच्या गिटारीचा मूळपुरुष. तो रोजवूडच्याही गिटारी करी आणि सायप्रसच्याही. तबलीच्या, म्हणजे वरच्या फळीच्या, पोटाला पंख्यासारख्या सात फासळ्या चिकटवायची त्याची पद्धत आजही चालते. १८६२ साली त्याने पाठ आणि बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या केल्या आणि तबली तेवढी नीट लाकडाची ठेवली. आवाज तबलीत असतो हे दाखवायचा याहून खोडकर मार्ग मला तरी माहीत नाही. ती गिटार बार्सेलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे.

घडताना ब्लांका पालथी असते. पोटाला किंचित खळगा दिलेल्या ‘सोलेरा’ नावाच्या फळीवर स्प्रूसची तबली उपडी ठेवायची, तिला दांडी जोडायची, मग दांडीच्या बुडाशी पाडलेल्या खाचांत बाजूच्या पट्ट्या सरकवायच्या. या पट्ट्या जेमतेम दोन मिलिमीटर जाडीच्या. पाण्याने ओल्या करून तापलेल्या लोखंडी नळीवर दाबायच्या, तेव्हा वाफेबरोबर राळेचा, जरासा लिंबासारखा वास उठतो. पट्टी आधी हटून बसते. मग तळहाताखाली अचानक मऊ पडते, आणि तेवढ्या क्षणापुरतीच वळते. घाई केली तर तडकते, रेंगाळलं तर करपते. पट्टी आणि तबलीच्या सांध्यात नखाएवढे लाकडी ठोकळे सरसाने एकेक करून बसवत जायचे. कंटाळवाणं काम, पण त्यावाचून गत्यंतर नाही. पाठ सगळ्यात शेवटी लागते. एकदा ती बंद झाली की आत हात घालायची सोय संपली.

तबली पातळ करणं हा खरा जिवाचा खेळ. रंध्याचे चार हात फिरवायचे, बोटांत धरून वाकवून बघायची, टिचकी मारून ऐकायचं, पुन्हा रंधा. मोजमापं असतात, पण झाडागणिक लाकूड बदलतं. तोरेसला त्याचं गुपित विचारलं तेव्हा त्याने ते अंगठा आणि तर्जनीच्या स्पर्शात असल्याचं सांगितलं, अशी आठवण त्याच्या परिचयातल्या एका पाद्र्याने लिहून ठेवली आहे.

मग तारा. शास्त्रीय गिटारीत घोडीपाशी तारा तबलीपासून दहा-अकरा मिलिमीटर उंच असतात, इथे ७-८. उजव्या हाताची बोटं तारांवरून झडझडून सोडायची असतात आणि मधेच तबलीवर नखाने ठोकाही मारायचा असतो; तारा उंच असतील तर बोट पोचणार कसं? त्या ठोक्यांनी तबलीची चाळण होऊ नये म्हणून तिच्यावर ‘गोल्पेआदोर’ नावाची पातळ पारदर्शक पट्टी डकवतात. तारा इतक्या खाली आल्यावर जोरात वाजवताना पडद्यांवर थोड्या झरझरणारच. दुसऱ्या गिटारीत हा दोष मानून दुरुस्त करतील. इथे ती झरझर हवीच असते, फक्त किती, हे ठरवण्यात कारागिराचा कस लागतो.

तिची एक सावळी बहीणही आहे, ‘नेग्रा’. मोठी सभागृहं आली, पाको दे लुसियासारखे वादक एकट्याने मैफली गाजवू लागले, तेव्हा आवाजात जरा भरीवपणा हवासा झाला आणि पाठ-बाजू रोजवूडच्या आल्या. हे रोजवूड पुष्कळदा आपलंच शिसवी, ज्याचे जुने पलंग आणि कपाटं वाड्यांतून निघतात. नेग्रा दिसते देखणी, वाजते छान. तरी छोट्या खोलीत, गाणाऱ्याच्या गुडघ्याला गुडघा लावून बसायचं असेल तर माझं मत गोरीलाच.

आता तिच्यावर शेवटचा हात फिरतो तो लाखेच्या पॉलिशचा, कापडाच्या बोळ्याने, थरावर थर. ग्रानादात अलहाम्ब्राकडे चढणाऱ्या गोमेरेसच्या चढावर अशा गिटारी घडवणाऱ्यांची काही दुकानं आहेत. गरिबाच्या घरची ही पोर आज नावाजलेल्या कारागिराकडून घ्यायची तर कित्येक हजार युरो मोजावे लागतात. आणि काही हौशी गिऱ्हाइकं जुन्या पद्धतीच्या लाकडी खुंट्याच हव्यात म्हणून अडून बसतात. वजन त्याने कमी होतं हे खरं, पण खुंट्या सरकतात, सूर उतरतो, आणि गिऱ्हाईक तक्रार घेऊन परत येतं. कारागीर खुंटी काढतो, तिला खडू लावतो आणि परत बसवतो. आपल्या तंबोरेवाल्यांना हा इलाज शिकवायला नको.